मराठवाड्यात युद्धापूर्वीची मोटार: आधी कागद, मग नंबर, मग लोखंड

दुसऱ्या महायुद्धाआधीची मोटार घ्यायची म्हटलं की माणसं मुंबईकडं, राजस्थानकडं, नाहीतर गुजरातच्या संस्थानांकडं बघतात. आपल्या भागात काय मिळणार, असं इथलीच मंडळी म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जहागीरदार, देशमुख-देशपांडे, जिनिंग-प्रेसिंगचे मालक, जिल्ह्याच्या गावचे नावाजलेले वकील आणि डॉक्टर, यांच्या दारात मोटारी उभ्या असायच्या. त्यातल्या अखंड फार थोड्या राहिल्या, हे खरं. पण दिवे, हॉर्न, जॅक, पाने, तेलाचे डबे, पत्र्याच्या पाट्या, पावत्या, हँडबुकं अजून निघतात. वाडा पाडायला काढला की हे सगळं एका दिवसात भंगारवाल्याच्या टेम्पोत चढतं, आणि इकडचं बरंचसं भंगार शेवटी जालन्याच्या स्टीलच्या भट्ट्यांकडं जातं. तिथं पोचलेल्या ॲक्सलची सळई होते, मग हळहळून उपयोग नाही.

या कामाचा माझा क्रम ठरलेला आहे: आधी कागद, मग नंबर, सगळ्यात शेवटी लोखंड. बहुतेक जण उलटं करतात. गाडी बघितली की मडगार्डवर हात फिरवतात, भाव ठरवतात आणि कागदाचं नंतर बघू म्हणतात. लोखंड दुरुस्त होतं, नसेल तर बनवूनही घेता येतं. हरवलेला कागद आणि घासून काढलेला नंबर परत मिळत नाही.

कोणत्या गाडीच्या मागे लागायचं

जगभरातले संग्राहक फिव्हा या जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेची विभागणी मानतात. १९०४ पर्यंतच्या गाड्या अँसेस्टर, १९०५ ते १९१८ व्हेटरन, १९१९ ते १९३० व्हिंटेज आणि १९३१ ते १९४५ पोस्ट-व्हिंटेज. आपला कायदा मात्र पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणतो, म्हणजे १९७० ची फियाटसुद्धा त्यात बसते. इथं मी १९४० च्या आधीच्या गाड्यांबद्दलच बोलतोय.

आपल्याकडं काय सापडू शकतं याचा अंदाज मुंबईवरून येतो. फोर्डनं १९२६ मध्ये मुंबईत कंपनी काढली, तीही कॅनडाच्या फोर्डच्या अखत्यारीत, कारण साम्राज्यातल्या देशांना उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या फोर्ड गाड्या कॅनडातून जायच्या. जनरल मोटर्सनं शिवडीला कारखाना टाकला आणि डिसेंबर १९२८ मध्ये तिथून पहिली शेव्हरोले बाहेर पडली. मुंबईहून मनमाड आणि मनमाडहून निजामाच्या मीटर गेजनं जालना, परभणी, नांदेड अशी मालाची सरळ वाट होती. त्यामुळं रोल्स-रॉइसची स्वप्नं बघण्यापेक्षा फोर्ड, शेव्हरोले, ऑस्टिन आणि मॉरिस यांच्यावर नजर ठेवा.

पहिल्याच गाडीसाठी माझं मत विचाराल तर फोर्ड मॉडेल ए, ऑस्टिन सेव्हन किंवा मॉरिस एट. मॉडेल ए १९२७ च्या अखेरीपासून १९३१ पर्यंत निघाली, जवळपास ४८ लाख बनल्या. तिचा जवळजवळ प्रत्येक भाग अमेरिकेत आजही नवा बनतो. ऑस्टिन सेव्हनचं इंजिन अवघं ७४७ सीसीचं. वाड्याच्या देवडीत मावते, दोघांना ढकलता येते, आणि इंग्लंडमध्ये तिचे सुटे भाग मिळतात. फोर्डचीच आधीची मॉडेल टी पहिल्या खेपेला घेऊ नका. गाडी उत्तम आहे, पण तिचे तीन पेडल आजच्या गाडीसारखे नाहीत. डावा पेडल गिअरचा, मधला रिव्हर्सचा, उजवा ब्रेकचा, आणि थ्रॉटल हातात. वर्षानुवर्षं आजची गाडी चालवलेला पाय ऐनवेळी चुकीच्या जागी जातो.

डोळा तयार व्हायला हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये एकदा जाऊन या. सहाव्या निजामासाठी बनवलेली पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट तिथं आहे. अजिंठा एक्स्प्रेसनं एका रात्रीचा प्रवास.

शोध कुठं घ्यायचा

वाड्यात गेल्यावर पहिलाच प्रश्न "मोटार विकायची आहे का?" असा टाकला की दार बंद झालंच म्हणून समजा. चहा होऊ द्या. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा आणि विचारा, "आजी, तुमच्याकडं पूर्वी मोटार होती म्हणे. तिचा एखादा फोटो असेल का?" फोटो निघाला की गोष्टी निघतात. फोटोत गाडीचा नंबर, दिव्यांचा आकार, रेडिएटरवरचं झाकण दिसतं, आणि पुढं हाच फोटो तुमचा पुरावा होतो.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: "ड्रायव्हर कोण होते?" मालकाच्या घरी गाडीचा अभिमान टिकतो, पण पाने, ग्रीस गन, जादा मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र), हँडबुक या वस्तू ड्रायव्हरच्या किंवा मिस्त्रीच्या घरी टिकतात. त्यांच्या मुलानातवंडांना ती पेटी कशाची आहे हे ठाऊक असतं आणि ती कुणी जपून बघायला आलं याचं त्यांना अप्रूप असतं. वाड्यात बळद, माळवदाखालची अडगळ, घोड्यांची पागा आणि चुलीजवळचा माळा या जागा बघायची परवानगी मागा. मोटार पुष्कळदा पागेतच ठेवलेली असायची.

शेतातही बघत चला. जुन्या टायरगाडीच्या खाली वाका. मोडीत निघालेल्या मोटारींचे ॲक्सल, हब आणि चाकं बैलगाडीला लावायची पद्धत होती. वंगण आणि काळ्या मातीचा थर रॉकेलच्या फडक्यानं पुसा. फोर्डच्या भागावर लपेटदार अक्षरांत फोर्ड असं नाव ठोकलेलं सापडतं. ते हब विकत घेताना शेतकऱ्याला त्या बदल्यात चालू स्थितीतला दुसरा ॲक्सल बसवून द्या; त्याची गाडी एक दिवसही अडायला नको. बंद पडलेल्या जिनिंगच्या स्टोअर रूम, जुन्या सर्व्हिस स्टेशनची गोदामं, पेट्रोल पंपाच्या मूळ मालकाचं घर, हीही चांगली ठिकाणं आहेत.

भंगारवाल्याशी मात्र कायमचं नातं लागतं. आपल्या गावातल्या दोघातिघांना फोटो दाखवून ठेवा: पितळी दिवा असा दिसतो, रेडिएटरचं झाकण असं असतं, इनॅमलची पाटी अशी. वजनाच्या भावापेक्षा जास्त देईन, पण तोडायच्या आधी फोन करा, एवढंच सांगा आणि फोन आला की त्याच दिवशी जा. दोनदा गेला नाहीत तर तिसरा फोन येणार नाही. पावती मात्र न चुकता घ्या, कारण चोरीचा माल तुमच्या घरात सापडला तर निस्तरणं तुम्हालाच आहे.

बाहेरचे बाजार म्हणाल तर हैदराबादचा जुम्मेरात बाजार, मुंबईची मटण स्ट्रीट आणि पुण्याचा जुना बाजार. तिथं माल जास्त, पण वस्तू कुठल्या घरातून आली हे कळत नाही, आणि नकली मालही तिथंच जास्त.

एक गोष्ट मी कळकळीनं सांगतो. समोरच्याला किंमत माहीत नाही म्हणून लाखाची वस्तू हजारात उचलू नका. खरी किंमत सांगा, परवडत नसेल तर तसं सांगा. गावात ही बातमी पसरते आणि पुढची दहा दारं तिच्यामुळंच उघडतात.

कागद

मराठवाड्याच्या गाड्यांचे जुने कागद उर्दूत असण्याची शक्यता मोठी, कारण संस्थानाचा कारभार उर्दूत चालायचा. घाबरू नका. इनाम जमिनीचे मुंतखब वाचणारे जुने जाणकार, निवृत्त पेशकार आणि वकिलांकडचे कारकून आपल्या जिल्ह्यांच्या गावी अजून भेटतात. त्यांनाच हे कागद दाखवा. तारीख फसली सनात, म्हणजे संस्थानाच्या सरकारी कालगणनेत असेल. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्यानं सुरू होतं. म्हणून १३४५ फसली म्हणजे ऑक्टोबर १९३५ ते ऑक्टोबर १९३६. ही गोष्ट माहीत नसल्यामुळं गाडीचं वर्ष एकानं पुढंमागं धरलं जातं.

पावतीवरचा भावही नीट वाचा. रक्कम हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या रुपयात आहे, की कलदारात, म्हणजे इंग्रजी रुपयात? सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. मुंबईच्या विक्रेत्याची पावती कलदारात, तर इथल्या टायरवाल्याची हालीत असू शकते. रेल्वेची बिल्टी, पेट्रोलच्या उधारीची वही, विम्याचं पत्र, ड्रायव्हरचा परवाना, यातलं काहीही फेकू देऊ नका. नुसत्या बिल्टीवरूनसुद्धा गाडी कधी आणि कोणत्या स्टेशनात उतरली हे सिद्ध होतं.

आता वारसांचा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त सौदे इथंच फसतात. गाडी पणजोबांच्या नावावर, वाडा चार भावांत वाटलेला, एक बहीण पुण्यात, एक पुतण्या परदेशात. जो भाऊ गावात राहतो तोच विकायला निघतो. अशा वेळी पैसे देऊन गाडी उचलू नका. सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती, मयत मालकाचा मृत्यू दाखला, वारस प्रमाणपत्र, एवढं जमल्यावरच व्यवहार करा. आरटीओत मालक मयत असल्यास वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, आणि त्यानंतर विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या नोंदणी कार्यालयातून गाडी आणायची तर फॉर्म २८ ची एनओसी. हे सगळं व्हायला महिने लागतात. बयाणा देऊन करारनामा करा आणि थांबा.

व्हिंटेज नोंदणीचे नियम केंद्रानं जुलै २०२१ मध्ये काढले. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अर्ज फॉर्म २० वर करायचा, सोबत विमा आणि भारतात आधी नोंदलेल्या गाडीची जुनी आरसी. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. जुना नंबर चालू असेल तर तोच ठेवता येतो, आणि तो ठेवाच. जुना नंबर हा गाडीच्या इतिहासाचा भाग आहे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणायची. लग्नाच्या वरातीत भाड्यानं लावायचा विचार असेल तर सोडून द्या.

विम्यात ठरलेल्या किमतीची पॉलिसी मागा. साध्या पॉलिसीत घसारा लावून गाडीची किंमत शून्याजवळ नेतात. मोटार विम्याच्या दर-नियमांत, म्हणजे मोटार टॅरिफमध्ये, १९४० अखेरच्या आधी बनलेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियानं प्रमाणित केलेल्या गाडीला व्हिंटेज म्हटलेलं आहे. ते प्रमाणपत्र हाताशी असलं की विमा कंपनीशी बोलणं सोपं जातं.

नंबर

मॉडेल टी आणि मॉडेल ए, दोन्हींचा इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला, जिथं पाणी आत शिरतं त्याच्या वर ठोकलेला असतो. मॉडेल ए मध्ये तोच नंबर चेसिसच्या डाव्या पट्टीवरही असतो, पण बॉडीखाली झाकलेला, त्यामुळं बॉडी उचलल्याशिवाय नीट वाचता येत नाही. कॅनडाच्या फोर्डच्या नंबरात सुरुवातीला सी अक्षर येतं. मुंबईमार्गे आलेल्या गाडीवर ते दिसलं तर आनंद माना, कारण गाडीचा प्रवास त्यानं जुळतो.

नंबर वाचायला घासकागद लावू नका. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं, मऊ ब्रश, आणि मग बाजूनं तिरका टॉर्च मारून फोटो. नंतर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घ्या. अक्षरं ओळीत नसतील, आजूबाजूचा पृष्ठभाग जास्त गुळगुळीत असेल, किंवा एखादा आकडा वेगळ्याच वळणाचा असेल तर सावध व्हा. कागदावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर जुळला नाही, तर भाव कितीही कमी असू द्या, ती गाडी सुट्या भागांची म्हणूनच घ्यायची.

इंजिन बदललेलं असणं हा गुन्हा नाही, त्या काळी हे नेहमीचं होतं. पण मग ती मूळ गाडी म्हणून विकायचा कुणालाच अधिकार नाही.

लोखंड, लाकूड आणि वाळवी

फोर्ड आणि शेव्हरोलेत एक फरक मराठवाड्यात फार जाणवतो. मॉडेल ए ची बॉडी बहुतांशी पत्र्याची. शेव्हरोलेच्या, फिशर कंपनीनं बनवलेल्या बॉडीत १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असायचा. आपल्या वाळवीनं तो सांगाडा आतून खाल्लेला असतो आणि बाहेरून पत्रा धड दिसतो. दार धरून वर उचलून बघा. बिजागरीजवळ खांब हलला तर आत माती भरलेली आहे. दाराखालच्या पट्टीत पातळ पेचकस रोवा. सहज घुसला की समजा. नवा सांगाडा करायचा तर मूळ ॲश लाकडाच्या जागी पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान वापरा. ते पुरतं वाळलेलं असतं, पुढं पीळ पडत नाही आणि वाळवीही सहसा लागत नाही.

इंजिन अडकलेलं असेल तर हँडल टाकून जोर करू नका. प्लग काढा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं सोडा आणि आठवडाभर तरी हात लावू नका. जवळ विडी-काडी चालणार नाही. मग चाक उचलून, टॉप गिअरमध्ये टाकून, हातानं पुढंमागं हलवत राहा. याला धीर लागतो. घाईत पिस्टन फुटला तर पुढचं वर्ष त्यातच जातं.

बेअरिंग व्हाईट मेटल या मऊ मिश्रधातूची असतात, ब्लॉकमध्ये आणि कनेक्टिंग रॉडमध्ये ओतलेली. इंजिन चालू असेल तर चढाला ओढ देऊन ऐका. दबका, जड ठोका आला तर बेअरिंग गेलं. व्हाईट मेटल ओतणारे कारागीर कमी होत चालले आहेत. तुमच्या भागात म्हातारा मिस्त्री असेल तर गाडी घेण्याआधीच त्याची ओळख करून घ्या.

ब्रेक आणि क्लचच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडून कॉम्प्रेसरची हवा मारायची आपल्या गॅरेजची सवय इथं जिवावर बेतू शकते. ओल्या फडक्यानं पुसा, मास्क घाला. डॅशबोर्डवरच्या घड्याळ-मीटरच्या काट्यांवर रात्री चमकणारा रंग असेल तर त्यात रेडियम असू शकतं. काच उघडून खरवडू नका.

घरी आणल्यावर

पहिला महिना काहीही खोलू नका. फोटो काढा, प्रत्येक नटबोल्टाची जागा लिहा, उंदरांची घरटी काढा आणि टाकी रिकामी करा. लोक गाडी आली की सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या फवाऱ्यानं घासायला पाठवतात. पातळ पत्रा त्यानं वाकतो आणि मूळ रंगाचा शेवटचा थरही जातो. तो रंग फिका असो, तडकलेला असो, ठेवता येत असेल तर ठेवा. रंग पुन्हा देणं कधीही शक्य आहे.

भाग बनवायची वेळ आली की मराठवाड्यासारखी जागा नाही. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्या भोवती सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपांची वस्तीच उभी राहिली. गिअर कटिंग, ग्राइंडिंग, हीट ट्रीटमेंट, स्प्रिंगा, रबर मोल्डिंग, सगळं एका दुपारच्या अंतरावर. मोठ्या कंपनीच्या दारात जाऊ नका, त्यांना एक नग करायला वेळ नसतो. एक-दोन लेथ असलेल्या जॉबवर्कवाल्याकडं जुना भाग आणि मापाचं चित्र घेऊन जा. मटेरियल लिहूनच द्या: बुशाला फॉस्फर ब्रॉन्झ, ॲक्सलच्या शाफ्टला ईएन २४ जातीचं पोलाद. नाहीतर हाताला लागेल ते गजाचं तुकडं वापरलं जातं. जुना भाग परत मागून घ्या, तो घरी जपून ठेवायचा.

प्लेटिंगच्या वेळी वर्ष लक्षात ठेवा. १९२८ च्या आधीच्या गाड्यांवर निकेल असायचं, थोडं पिवळसर, मऊ चमकीचं. क्रोम त्यानंतर आलं. १९२६ च्या गाडीचे दिवे क्रोमचे केले की जाणकाराला लांबूनच कळतं. तसंच मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात निघाली.

विजेचं काम बघताना बहुतेक गाड्या ६ व्होल्टच्या, आणि मॉडेल ए मध्ये तर पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं धन टोक चेसिसला जोडलेलं, हे गॅरेजवाल्याला आधी सांगा. ६ व्होल्टला जाड वायर लागते; आजची पातळ वायर टाकली की दिवे मिणमिणतात आणि दोष डायनामोला दिला जातो.

चालवताना

आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच साखर कारखान्यांच्या मळीतून बनलेलं, पण या गाड्यांना ते मानवत नाही. कार्बोरेटरचा फ्लोट बुचाचा असेल तर त्यावरची लाखेची पुटं अल्कोहोलमध्ये विरघळतात, बूच पेट्रोल पितं आणि फ्लोट बुडतो. जुने रबरी पाइप फुगतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळं टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवलं तर तळाला गंज सुरू होतो. इथेनॉलला टिकणारा फ्लोट आणि होज टाका, आणि गाडी उभी करताना टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करा. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घ्यायची गरज नाही. मॉडेल ए चं कॉम्प्रेशनचं प्रमाण अवघं ४.२२ ला १ आहे.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीच घालू नका. आपल्याकडच्या जड पाण्याचा थर नळ्यांत बसतो आणि मग मे महिन्यात गाडी पाच किलोमीटरवर उकळते. डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक घाला. जुना रेडिएटर असेल तर टाकी उघडून नळ्या साफ करून घ्या. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत फेरी संपवा.

हँडल मारायची पद्धत नीट शिका. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, स्टिअरिंगजवळचा स्पार्कचा दांडा पूर्ण रिटार्डला, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असा. हे तिन्ही स्वतः तपासायचं, दुसऱ्यानं सांगितलं म्हणून मानायचं नाही. हँडल धरताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्या बाजूलाच ठेवा, त्याचा विळखा घालू नका. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. इंजिननं उलटा झटका दिला तर ओढणारा हात सुटून येतो. दाबणाऱ्याचं मनगट मोडतं.

मॉडेल ए ला चारही चाकांना ब्रेक आहेत, पण ते सळ्यांवर चालतात. समोरच्या ट्रकपासून नेहमीपेक्षा तिप्पट अंतर ठेवा. गिअरबॉक्समध्ये जीएल-५ दर्जाचं आजचं गिअर तेल घालू नका, त्यातला गंधक पितळी आणि ब्रॉन्झच्या भागांना खातो.

छोट्या वस्तू

सगळ्यांनाच गाडी परवडते किंवा ठेवायला जागा असते असं नाही. पाट्या, दिवे, डबे, बिल्ले यांचा संग्रह हा कमी प्रतीचा छंद नव्हे. मराठवाड्याच्या मोटारीचा इतिहास लिहायचा झाला तर तो या वस्तूंवरूनच लिहावा लागेल.

पाट्यांचा काळ कंपनीच्या नावावरून ठरवा. बर्मा-शेल ही पेट्रोल कंपनी १९२८ मध्ये सुरू झाली आणि १९७६ मध्ये तिचं राष्ट्रीयीकरण झालं, म्हणजे नुसतं नाव बघून पाटी युद्धापूर्वीची ठरत नाही. एस्सो या पेट्रोल कंपनीची असेल तर ती नक्कीच युद्धानंतरची. १९७४ नंतर ती कंपनी हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये आली. उर्दू किंवा मराठी मजकूर असलेली पाटी आपल्या भागासाठी इंग्रजी पाटीपेक्षा मोलाची, कारण ती इथल्याच गिऱ्हाइकासाठी बनलेली असते.

अस्सल इनॅमलची, म्हणजे पत्र्यावर काचेसारखा रंग भाजलेली पाटी हातात घेतली की जड लागते. अक्षरांच्या कडेवरून नख फिरवा. प्रत्येक रंग वेगळा भाजलेला असल्यामुळं बारीकशी पायरी लागते. टवका उडालेल्या जागी खाली गडद थर दिसतो आणि गंज त्या टवक्यापुरताच असतो. स्क्रूच्या भोकाभोवती इनॅमल गोलाकार तडकलेलं असतं, कारण कुणीतरी कधीतरी स्क्रू आवळलेला आहे. नकली पाटीत रंग सपाट छापलेला, गंज ॲसिडनं सगळीकडं सारखा आणलेला, आणि भोकं कोरी करकरीत. पाठही बघा, भिंतीचा चुना आणि पाण्याचे ओघळ कुणी सहसा नकली करत नाही.

रेडिएटरच्या टोकावरच्या मूर्तींत फसवणूक सगळ्यात जास्त. रोल्स-रॉइसची स्पिरिट ऑफ एक्स्टसी चार्ल्स साइक्सनं १९११ मध्ये घडवली, तिच्या पितळी नकला ढिगानं मिळतात. बोटं, चेहरा, वस्त्राच्या चुण्या बोथट झालेल्या असतील तर ती तयार मूर्तीवरून साचा काढून ओतलेली आहे. त्यापेक्षा बॉइस मोटोमीटर शोधा. रेडिएटरच्या झाकणावर बसणारा तापमापक, बाहेरून दिसणारा. त्यातली लाल रेघ शाबूत असेल तर तो आजही काम करतो.

कार्बाइडचे दिवे मिळाले तर पेटवून बघायचा मोह आवरा. कार्बाइडवर पाणी ठिबकलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो, तो बंद खोलीत धोक्याचाच. आणि नळी तांब्याची लावू नका, तांबं आणि ॲसिटिलीन मिळून स्फोटक थर तयार होतो. साफ करायचा तर वायरब्रश किंवा चिंच-लिंबू नको. साबणाचं कोमट पाणी, मऊ कापड, आणि शेवटी मेणाचा हलका हात.

१९१९ साली सुरू झालेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनचे बिल्ले, केएलजी आणि लॉज कंपन्यांचे स्पार्क प्लग, दोन गॅलनचे पेट्रोलचे डबे, व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाचे पाने, या वस्तू अजून आवाक्यात आहेत. हँडबुक आणि पार्ट्स लिस्ट कोणत्याही भावात मिळाली तरी घ्या. ती नसेल तर गाडी घेऊनही तुम्ही चाचपडत राहाल.

नोंदवही

प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधा, चिकटपट्टी लावू नका. वहीत लिहा: गाव, घर, कोणत्या खोलीत किंवा कुणाच्या शेतात मिळाली, देणाऱ्यानं तिच्याबद्दल काय सांगितलं, किती दिले, पावती कुठं ठेवली. सांगणाऱ्याची परवानगी घेऊन त्याचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरातली माणसं आहेत, लहानपणी त्या मोटारीत बसलेली. त्यांच्याकडं आधी जा, वस्तू नंतर बघता येतील. उर्दू कागदांची मूळ प्रत, मराठी वाचन आणि वाचणाऱ्याचं नाव एकत्र ठेवा. वहीची एक प्रत दुसऱ्या घरी असू द्या. आणि पुढं कधी गाडी विकलीत तर घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं ९० दिवसांच्या आत परिवहन खात्याला कळवायचं असतं. त्या पत्रासोबत वहीचीही एक प्रत नव्या मालकाच्या हाती द्या.